सरकारांची घरमालकीण

मीटर बघायला माणूस आला की आमची घरमालकीण त्याला उंबऱ्यावर अडवायची आणि विचारायची, "कुठलं राज्य तुमचं?" माणूस गोंधळायचा. कुणी सांगायचा जौनपूर, कुणी सांगायचा सातारा. एकाने बिचाऱ्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून तिच्या हातात दिलं. तिने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं. "बरं. बग मीटर. पन भिंतीला हात नको लावू, चुना ओला हाय." चुना कधीच ओला नसायचा. भिंतीला हात लावलेला तिला खपत नसे, एवढंच.

मी तिच्याकडे राहायला गेले ती वर्षभरासाठी. अंधेरीतली आमची बिल्डिंग पाडून नवी होणार होती, आई दादाकडे मुलुंडला गेली, आणि मला ऑफिसजवळ खोली हवी होती. ऑफिस विम्याचं, बोरिवलीला. एजंटाने मला पश्चिमेला खाडीच्या अंगाला नेलं. टॉवर संपतात, रिक्षावाला 'आगे नहीं जायेगा' म्हणतो, आणि मग पायी चालत एका कोळीवाड्यात. एक विहीर, एक देऊळ, दोन ओळी घरं आणि मध्ये गल्ली. मी आईला फोनवर सांगितलं, तात्पुरतं आहे गं, वास जरा येतो. आमची अंधेरीची बिल्डिंग अजून खड्ड्यातच आहे आणि मी अजून तिथेच आहे. वास यायचा कधी बंद झाला ते कळलं नाही.

पहिला महिना मी तिला अहो मावशी, तुम्ही मावशी करत होते. तिनेच ते बंद पाडलं. म्हणाली, "अहोजाहो सरकारी मानसाला कर. मना तू बोल." तिला जन्मभर मासळी विकून असा आवाज आला होता की कानात सांगितलेलं गुपितही विहिरीपलीकडे ऐकू जायचं. माझ्याशी बोलताना ती शाळेतली मराठी आणायचा प्रयत्न करी आणि अर्ध्या वाटेत सोडून देई.

तिला बसता येत नसे. जेवायची ती उभ्याने, ताट कट्ट्यावर ठेवून, आणि दोन घास झाले की दारात जाऊन गल्ली बघून यायची. तिच्या खाटेची जागा सतत बदलायची. आज खिडकीखाली, उद्या दाराशी, परवा आडवी. मी कामावरून यावं तर माझी बादली माझ्या दारातून उचलून विहिरीजवळ ठेवलेली.

"मावशी, बादलीला हात का लावतेस?"

"अडचन व्हत व्हती."

"कुणाला?"

"येनाऱ्याला."

"कोण येणार आहे?"

"येतो कुनीतरी. नेहमी येतो."

मला असा राग यायचा. दिवसभर ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकून यायचं आणि घरी हे. दोनदा मी खोली सोडते म्हणून सांगितलं. दोन्ही वेळा तिने तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण आणून दिलं आणि म्हणाली, "जेव आधी. उपाशी मानसाचा निर्नय चुकतो." जेवल्यावर माझा निर्णय खरंच चुकलेला वाटायचा.

राज्यांविषयी तिचं म्हणणं साधं होतं. गाव आमचं, आणि राज्यं येतात ती भाडेकरू म्हणून. येताना गोड बोलतात, राहिली की भिंतीला खिळे ठोकतात, आणि जाताना सांगून जात नाहीत. ती प्रत्येकाविषयी असं बोलायची की जणू मागच्याच खोलीत राहून गेलाय. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. "भांडखोर व्हता, पन हात चांगला. विहिरीचा काठ त्याचा." काठाला घडीव दगडांचा एक जुना थर होता खरा, आणि त्यातल्या एका दगडावर झिजलेला क्रूस. त्याच्यासमोर ती रोज सकाळी एक जास्वंद ठेवायची. "भाडेकरूचा देव हाय. तो गेला, देव राहिला. त्याला उपाशी कसा ठेवायचा?" पेशव्याविषयी मात्र तिचं मत बरं नव्हतं. "आयला, नारळ फोडला, मासळीचा वास आयला म्हनून नाक धरला, गेला. सामानसुदा नाय लावला." गोरा टायमाचा पक्का, पण त्याने फार खिळे ठोकले. खिळे म्हणजे हद्दीचे दगड. गावाभोवती त्याने पुरलेल्या दगडांपैकी एक वेशीवर शिल्लक होता, तिच्या कमरेएवढा. येता-जाता ती त्याला लाथ मारायची. जोरात नाही, सवयीची.

तिचा इतिहास धड नव्हता. एखाद्या दिवशी पेशवा फिरंग्याच्या आधी येऊन जायचा. मी फोनवर शोधून तिला सांगायचे, "मावशी, आधी फिरंगी."

"तू व्हतीस?"

"तू होतीस का?"

"माझी सासू व्हती."

"सासू काय शेकडो वर्षं जगली?"

"तिची सासू मग. तुना काय करायचाय? कुनाची तरी सासू असतेच."

एकदा मी मुद्दाम डिवचलं. म्हटलं, फिरंगी झाला, पेशवा झाला, गोरा झाला, आणि आत्ताचं आपलं राज्य? हा भाडेकरू कसा आहे? ती बोंबील उलटवत होती, ती थांबली. म्हणाली, तिच्या बापाने होडीची डोलकाठी काढून विहिरीजवळ उभी केली होती, तिला झेंडा लावला होता, आणि ती बापाच्या खांद्यावर बसून ओरडत होती. काय ओरडत होती ते आठवत नाही. "यो भाडेकरू नाय गो. याला आपला पोर म्हनून घरान घेतला. भाडेकरूला खाली कर सांगता येतां. पोराला कसां सांगायचां?" तेवढं वाक्य विहिरीपलीकडे गेलं नाही, माझ्यापर्यंतच आलं.

आता गाव मोकळं करायच्या दिवसाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं.

माघातल्या एका मंगळवारी अख्खं गाव वेशीबाहेर जातं. चुली विझवायच्या, दारं सताड उघडी टाकायची, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून अंगावरच्या पोरापर्यंत सगळ्यांनी खाजणाच्या, म्हणजे खाडीच्या दलदलीच्या, कडेच्या मैदानात जाऊन रांधायचं, जेवायचं, आणि दिवेलागणीपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही. देवीला त्या दिवशी गाव मोकळं लागतं. ती घराघरांतून फिरते म्हणे. पंगत बसते ती घरांच्या क्रमाने. देवळाजवळचं घर पहिलं, मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्या. समोरासमोर दोन रांगा, मध्ये गल्ली सोडलेली, आणि विहिरीच्या जागी पाण्याने भरलेला हंडा. जी घरं गेली, विकली गेली, वंश संपला, त्यांचंही पान मांडतात. पानावर मीठ वाढतात आणि ते तसंच राहतं.

गावात त्या दिवशी एकच माणूस थांबतो. तो गावाचा नसलेला असावा लागतो. कुणाचा तरी भाडेकरू. दारं उघडी म्हणून राखण करायची, आणि कुणी आलं, काही विचारलं, तर ठरलेलं उत्तर द्यायचं: घरीच आहेत, जेवायला गेलेत. मी आल्यापासून ते काम माझ्याकडे आलं. दर वर्षी मी त्या मंगळवारी रजा टाकायचे आणि साहेबाला कारण सांगताना माझी पंचाईत व्हायची.

हे सुरू कसं झालं, तर मावशीकडे तीन कथा होत्या. एकीत फिरंग्याचा पाद्री माणसं मोजायला येणार होता म्हणून गाव बाहेर जाऊन बसलं, आणि मागे राहिलेल्या परक्या ताडीवाल्याने 'जेवायला गेलेत' सांगितलं. दुसरीत गोऱ्याच्या वेळी प्लेग आला, तपासणीवाले घरं रिकामी करून माणसं उचलून नेत होते, तेव्हा गाव आधीच बाहेर जाऊन बसलं. तिसरीत देवी. मी म्हणायचे, एकदा नीट ठरव बाई. ती म्हणायची, "तिन्ही खऱ्या. येनारा येगळा, आमी तेच." मला तेव्हा ते नुसतं आडमुठेपण वाटलं.

मग एका वर्षी सरकारचा सर्व्हे निघाला. दोन गोष्टी ठरणार होत्या. इथे माणसं खरोखर राहतात का, आणि ही वस्ती जुनं गावठाण आहे की झोपडपट्टी. गावठाण ठरलं तर घर ज्याचं त्याचं. झोपडपट्टी ठरली तर बिल्डर येणार, टॉवर येणार, आणि सगळ्यांना कुठेतरी वरच्या मजल्यावर एकेक खोली. होड्या काही लिफ्टने वर जात नाहीत. गावकमिटीचा सेक्रेटरी मावशीचा पुतण्या होता. कुरियर कंपनीत कामाला, डोक्याने शांत, काकीपुढे मात्र चुळबुळणारा. त्याने कमिटीच्या ग्रुपवर तारीख टाकली आणि गावात सुतक आल्यासारखं झालं. तारीख नेमकी त्या मंगळवारची होती.

देवळासमोर बैठक झाली. मी खरं तर विहिरीजवळ ठेवलेली माझी बादली आणायला गेले होते.

पुतण्या म्हणाला, "काकी, यंदा आदल्या रविवारी करू जेवण. रविवारी सगळ्यांना सुट्टी पण असते."

"देवीला इचारलांस?"

"तू विचार ना मग."

"मी नाय इचारीत. तिचा दिवस हाय, माझा नाय."

"अगं, पण सर्व्हेवाले येणार. घरात माणूस नसेल तर वाट लागेल आपली."

"राज्यां येतान, जातान. दिवस नाय हलत."

गावातल्या अर्ध्या लोकांना सर्व्हेची भीती होती आणि अर्ध्यांना देवीची. देवीची भीती वाटते असं कुणी तोंडाने म्हणेना. शेवटी पुतण्याने हताश होऊन माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही असालच ना राखणीला? शिकलेल्या आहात. बोला त्याच्याशी. सगळ्यांची कागदपत्रं देऊन ठेवतो." मी हातात बादली धरून हो म्हटलं. त्या गर्दीत नाही म्हणायची कुणाची छाती झाली असती?

मंगळवारी गाव निघून गेलं आणि मी एकटी उरले. दारं उघडी, चुली थंड, आणि प्रत्येक घरात मांजर ऐसपैस बसलेलं. मला दर वर्षी या शांततेत कसंसंच होतं. या घरातून त्या घरात उगाच डोकावत राहते. सर्व्हेवाला आला तो उन्हं चढल्यावर. एकटाच, गळ्यात पट्टा, हातात टॅब, तोंड घामाने ओलं. पहिल्या घरात डोकावला, दुसऱ्या घरात डोकावला, मग माझ्याकडे वळला.

"मॅडम, लोक कुठायत?"

"घरीच आहेत. जेवायला गेलेत," मी सांगितलं आणि माझं मलाच हसू आलं.

"घरी आहेत की जेवायला गेलेत?"

"दोन्ही."

तो उंबऱ्यावर टेकला. म्हणाला, "कालच आरेतले पाडे करून आलो. तिथे बिबट्या फिरतोय तरी माणसं घरात भेटली." त्याच्या टॅबवर दोनच पर्याय होते. माणूस हजर, किंवा घर बंद. "बंद टाकू का मग?"

"बंद कुठाय? उघडं आहे की."

"मग माणूस दाखवा."

मी त्याला कागदपत्रांचा गठ्ठा दाखवला. तो म्हणाला, कागद नंतर, आधी माणूस. आम्ही वाद घालत बसलो असतो, पण मी पुतण्याला फोन लावला आणि फोन नेहमीप्रमाणे मावशीने हिसकावून घेतला. तिला सगळी हकिकत सांगितली. तिने एकच विचारलं, "जेवलाय का तो?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग त्याला हितं घेऊन ये. आज येल तो जेवून जाल." येणाऱ्याला त्या दिवशी जेवू घालायचं असतं, हाही रिवाजच. मी राखण सोडून कशी येऊ, म्हटलं. म्हणाली, "तुना कुनी सांगितलां यायला? वाट दाखव आनि परत जा."

मी वेशीच्या दगडापर्यंत गेले. तिथून मैदान दिसतं. पंगत नुकतीच बसली होती. सर्व्हेवाला दोन्ही रांगांच्या मध्ये, म्हणजे गल्लीतच, उभा राहिला आणि पुतण्या त्याला समजावू लागला. हे देवळाजवळचं घर, हे त्याच्या शेजारचं, ही विहीर. त्या माणसाचा चेहरा उजळला. उन्हात दार दार फिरायचं सोडून अख्खी वस्ती क्रमाने त्याच्यापुढे मांडी घालून बसली होती. तो एकेका पानासमोर उकिडवा बसला, नाव विचारलं, फोटो काढला, बटण दाबलं, पुढे सरकला. मीठ वाढलेल्या रिकाम्या पानासमोर तो थांबला तेव्हा मावशी ओरडली, ती मला वेशीवर ऐकू आली, "ते गेलेले हाईत. त्यांना नको लिवू." मग त्याला बसवून जेवू घातलं. जाताना त्याच्या हातात सुक्या बोंबलांची जुडी होती. मावशी मला दिवेलागणीला म्हणाली, "बरा व्हता. भिंतीला हात पन नाय लावला." ती त्या संध्याकाळी इतकी खूश होती की खाट दोनदा हलवली.

महिन्या-दोन महिन्यांनी तात्पुरता नकाशा लागला. पुतण्या वॉर्ड ऑफिसातून फोटो काढून घेऊन आला आणि माझ्या खोलीत येऊन मटकन बसला. म्हणाला, तुम्हीच बघा, मला नीट समजलं नाही असं सांगा. समजायला काही कठीण नव्हतं. त्या टॅबमध्ये नोंद जिथे उभं राहून करू, तिथेच ठिपका पडतो. आमची घरं होती तिथे नकाशा पांढराफटक. कुणी राहत नाही. आणि वेशीबाहेर, खाजणाच्या काठाला, तिवरांच्या झाडांना खेटून, सगळं गाव दोन ओळींत दाटीने बसलेलं. मध्ये गल्लीएवढी फट. आमचं गाव जेवायला गेलं होतं आणि सरकारने ते तिथेच कायमचं लिहून टाकलं.

याचा अर्थ दुहेरी होता. गाव होतं ती जागा रिकामी, म्हणजे घ्यायला मोकळी. आणि माणसं होती ती जागा तिवरांच्या राखीव जंगलाची, म्हणजे तिथे एक खांब रोवला तरी अतिक्रमण. आमचा नकाशात जीवच राहिला नाही.

त्या दिवशी गल्लीत पुतण्या पहिल्यांदा काकीवर ओरडला. "तुझा दिवस, तुझी देवी, तुझं जेवण. काकी, तू घालवलंस आपलं गाव." सगळे बघत होते. मला वाटलं, आता ही त्याला फाडून खाईल. ती आत गेली आणि खाटेवर बसली. बसली. मी तिला तशी बसलेली कधी पाहिली नव्हती. पाय खाली सोडलेले, हात मांडीवर. मी भाकरी नेली तर तिने ताट बाजूला ठेवलं.

"गो, मी घालवलां का गाव?"

मला खोटं बोलता येत नाही आणि गोडही बोलता येत नाही. म्हटलं, "थोडं तू घालवलंस. थोडं त्या टॅबने. मघापासून बसलीयेस का अशी? ऊठ." माझा आवाज मला हवा तसा आला नाही. मला तेव्हा कळलं की मला भीती वाटतेय, आणि ती त्या गावाची वाटतेय, ज्याला मी आईपाशी तात्पुरतं म्हणत होते.

हरकती दिल्या, अर्ज दिले. फेरतपासणी होईल, असं उत्तर आलं. कधी, ते कुणी सांगेना. ते उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तर मावशी एका हातात पाट, दुसऱ्या हातात छत्री आणि काखोटीला जवळ्याची, म्हणजे बारीक कोलंबीची, टोपली घेऊन वेशीबाहेर चाललेली.

"कुठे?"

"घरी."

"मावशी, घर हे आहे."

"राज्याच्या कागदान नाय ना. कागदान घर तितं हाय. तपासाया आले आनि तितं कुनी नसला तर? परत बोलतील, घर बंद."

मी तिला वेड्यात काढलं. सगळ्या गावाने काढलं. पुतण्या तर लाजेने त्या वाटेने जायचा बंद झाला. पण ती रोज जायची. पंगतीत तिचं पान जिथे असतं, बरोबर त्या जागी पाट टाकून, छत्री उघडून, जवळा निवडत बसायची. पोरं त्याला मावशीचा बंगला म्हणायची. जिला घरात क्षणभर बसवत नव्हतं ती तिथे उन्हात दिवस काढायची, आणि तरी स्वस्थ अशी नाहीच. दर थोड्या वेळाने उठून शेजारच्या घराच्या जागी जाऊन यायची. म्हणायची, "त्यांचां पन दार उघडां हाय, कुनी बगायला नको?" शनिवार-रविवारी मी चहा घेऊन जायचे. चिखलात निवट्या, ते इटुकले मासे, उड्या मारायच्या, खाडीपलीकडे गोराईच्या बाजूला बोटीचा भोंगा व्हायचा, आणि ती मला पेशव्याच्या आधी गोरा आल्याची गोष्ट सांगायची. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं.

फेरतपासणी आली ती न सांगता. नशीब, शनिवार होता. मी थर्मास घेऊन वेशीपाशी पोचले तर समोरून, खाजणाच्या बाजूने, एक तरुण मुलगी चपला हातात घेऊन चिखल तुडवत येत होती. टॅब तिला घेऊन येत होता. तिने गाव पाहिलंच नव्हतं. नकाशात तिकडे काही नव्हतं, तर ती तिकडे कशाला बघेल? टॅब सांगेल तिकडे चालत चालत ती ठिपक्यांच्या मधोमध आली आणि समोर छत्रीखाली एक म्हातारी.

मावशी उठली नाही. जवळा निवडता निवडता तिने विचारलं, "कुठलं राज्य तुमचं?"

मुलगी हसली. "आजी, इथे घरं दाखवतायत नकाशात. तुम्ही इथे काय करताय?"

"माझांच घर हाय. वाट बगतेय तुमची."

"पण इथे तर काहीच नाही."

"नाय ना. मग तसां लिव. हितं काय नाय." मग ती उठली, पाट उचलून माझ्या हातात दिला आणि त्या मुलीचा हात धरला. "चल. जेवायला आयलेलो आमी हितं. आता घरी जाव."

गावात आल्यावर मावशीने तिला पंगतीच्या क्रमाने फिरवलं. प्रत्येक दारात माणसाला हाक मारून बाहेर काढलं, उभं केलं, आणि मुलीने बटण दाबेपर्यंत हलू दिलं नाही. विहिरीपाशी मुलगी थांबली आणि तिने त्या क्रुसाच्या दगडाचा फोटो काढला, त्यापुढच्या जास्वंदीसकट. शेवटचं घर आमचं. मुलीने विचारलं, इथे कोण कोण राहतं? मावशीने माझ्याकडे बोट दाखवलं. "मी आनि ही. ही भाडेकरू हाय, पन जात नाय." मुलीने जाताना आधार म्हणून भिंतीला हात लावला, पायाचा चिखल काढायला. मावशीने ते पाहिलं आणि पाय धुवायला तिला तांब्या आणून दिला.

ठिपके घरांवर परत आले. तेवढं झालं. गावठाण की झोपडपट्टी, ते अजून वरच्या टेबलावर विचाराधीन आहे. पुतण्या दर महिन्याला खेपा घालतो आणि प्रत्येक खेपेला टेबलापलीकडे नवा माणूस असतो.

मावशी त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर गेली. आजारी वगैरे नाही. सकाळी दारात गल्ली बघायला गेली आणि उंबऱ्यावर टेकली. मी आतून म्हटलं, बसलीस का गं? उत्तर आलं नाही तेव्हाच मला कळलं. मी खूप रडले. मी रडणारी बाई नाही, पण रडले. आई मुलुंडहून आली तर म्हणाली, अगं, घरमालकीण ना ती?

यंदाच्या माघात पुतण्या आदल्या दिवशी माझ्या दारात आला. आता घर त्याचं, पण अजून तो दार वाजवून आत येतो. खाली बघत म्हणाला, "काकीचं पान मांडायचं आहे. मीठ वाढून सोडवत नाही मला. कमिटीत बोललो, सगळे हो म्हणाले. तुम्ही बसा त्या पानावर. राखणीला दुसरा भाडेकरू बघतो."

खोटं कशाला बोलू, त्या पंगतीत बसायला मिळावं असं मला कितीतरी मंगळवारी वाटलं होतं. वेशीच्या दगडाशी उभं राहून लांबून ते हसणं ऐकलंय मी. पण मी नाही म्हटलं. म्हटलं, "पान मांडा आणि मीठही वाढा. मी इथेच थांबते."

"का पण?"

मंगळवारी सगळे गेले. दारं उघडी, चुली थंड. मी विहिरीवरच्या दगडापुढे जास्वंद ठेवली, वाटेतली माझी बादली उचलून बाजूला केली आणि मावशीच्या उंबऱ्यात उभी राहिले. मला बसवेना. का, ते पुतण्याला कालच सांगून झालं होतं. कुणीतरी येतोच. नेहमी येतो. आला की त्याला सांगायला माणूस हवं ना, घरीच आहेत, जेवायला गेलेत.